परीक्षांच्या फेऱ्यात टिकून राहणाऱ्या पोरांकडे जिद्दीशिवाय काय असतं?

खिडकीजवळची_खुर्ची | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं टाळत होतो, आज अभ्यासिका बंद करून आलो आणि बसलोच. पुण्यात पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. पार्टिशनची टेबलं, लॉकर, खाली चहावाला, गच्चीवर पोरांच्या चर्चा, नेहमीचंच. राज्यसेवा, कम्बाइन, सरळसेवा, पोलीस भरती, सगळ्या प्रकारची मुलंमुली येतात, बीड, परभणी, यवतमाळ, नंदुरबार, जत-आटपाडीकडची. धंदाच असा आहे की तीच पोरं वर्षानुवर्षं समोर दिसतात, पोस्ट काढलेली पण आणि न काढलेली पण, आणि गावी परत गेली तरी फोन चालूच राहतात.

तर मुद्दा असा की दर निकालानंतर सत्कार होतात आणि स्टेजवरून सगळे जिद्दीबद्दलच बोलतात. अरे बाबांनो, जिद्द नसलेलं पोरगं घर सोडून कॉट बेसिसवर एका खोलीत पाच जणांत राहायला येतंच कशाला? जिद्द सगळ्यांकडे असते, जे टिकतात त्यांच्याकडे आणि जे आतून मोडतात त्यांच्याकडेही. मग फरक कशाने पडतो?

मला जे दिसलं ते सांगतो, पटलं नाही तर बिनधास्त हाणा.

मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो विचारता येण्याचा. "मला हे येत नाही, दहा मिनिटं दे" हे शेजारच्या टेबलावरच्याला म्हणता आलं पाहिजे. वाटतं तितकं सोपं नाही ते. गावात पहिला आलेला असतो, शाळेत सरांचा लाडका असतो, इथे आल्यावर सीसॅटचं (पूर्व परीक्षेचा गणित-आकलनाचा पेपर) गणित अडतं आणि ते कुणाला सांगायचं म्हणजे लाज वाटते. आता सीसॅट क्वालिफाइंग झालाय, ३३ टक्के पडले की बास, तरी त्या ३३ ची भीती घेऊन गप्प बसलेली पोरं आहेत माझ्याकडे. आणि त्याच हॉलमध्ये एक इंजिनीअर पोरगा कलासंस्कृतीला घाबरून बसलेला असतो. दोघं एकमेकांना विचारतील तर दोघांचं काम होईल, पण विचारत नाहीत. ज्या बॅचमध्ये एक तरी पोरगी किंवा पोरगा असा बोलका असतो त्या बॅचचं वातावरणच वेगळं असतं.

मग घरी खरं सांगणं. पूर्वमध्ये किती पडले, कटऑफ किती गेला, पुढचे पैसे किती लागतील. हे घरी सांगणारी पोरं नापास झाली तरी झोपतात. न सांगणाऱ्यांचं तसं नसतं, ते निकालाच्या आधीपासूनच जागे असतात.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय करतात ते. पीडीएफ आली की पहिल्यांदा कंट्रोल एफ मारून नाव शोधायचं, नाव नसलं की त्या दिवशी कोणीच अभ्यास करत नाही, करूही नये. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जण अँसर की घेऊन बसतात, कुठले प्रश्न येत असून गेले, कुठले ठोकून दिले, वेळ कुठे खाल्ला. काही जण मात्र आयोग, क्लास, नशीब, आरक्षण असं करत करत महिना काढतात. राग मी समजू शकतो, माझं म्हणणं एवढंच की पहिल्या गटातली पोरं पुढे दुसऱ्या धंद्यात गेली तरी तिथे नीट उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

अजून एक बारीक गोष्ट राहिली, भांडण मिटवता येणं. हसू नका. एसी २४ ला की २७ ला यावरून आमच्याकडे दोन पोरं पुढचा सगळा सीझन एकमेकांशी बोलली नव्हती.

तुमचे अनुभव टाका. परीक्षेचेच पाहिजेत असं नाही.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ११:०८

पहिला! एसी कितीवर ठेवला मंग शेवटी थे सांगा ना बाप्पा. बाकी धागा मस्त, वाखूसा (वाचनखूण साठवली). सावकाश लिहितो.

फाइलवाली | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, छान लिहिलंय. मी नायब तहसीलदार आहे, जिल्हा सांगत नाही. तुमच्या यादीतलं "विचारता येणं" मला पोस्टिंग मिळाल्यावर जास्त उपयोगी पडलं, अभ्यास करताना मी पण घुमीच होते.

लोकांना वाटतं परीक्षा पास झाली की संपलं. नव्या जागी गेलात की पहिल्या पावसाळ्यात कळतं. अतिवृष्टी झाली, पंचनामे सुरू, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदतीला पात्र, आणि समोर उभा माणूस सांगतो मॅडम माझं सगळं गेलं. बांधावर उभं राहून नियम वाचून दाखवला तर तो भडकणारच. माझ्या आधीचे एक साहेब फार हुशार, जीआर (शासन निर्णय) तोंडपाठ, पण माणसाचं पूर्ण ऐकायच्या आत उत्तर द्यायचे, त्यामुळे रोज कचेरीत आरडाओरड. मी तिथल्या जुन्या तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) सरळ विचारलं की भाऊ तुम्ही कसं करता. ते म्हणाले आधी पाणी प्यायचं त्याच्या घरी, मग शेत बघायचं, मग त्याच्यासमोर लिहायचं आणि काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. एवढंच. मदत मिळेल की नाही ते नियमानेच ठरतं, पण आपलं ऐकून घेतलं, आपल्यासमोर लिहिलं, हे त्याला दिसतं.

हे मला कुठल्या क्लासने शिकवलं नाही, मुलाखतीच्या तयारीत पण नाही, तिथे तर आरशासमोर स्मितहास्याची प्रॅक्टिस करून घेत होते :)

उलटा_प्रवाह | मंगळवार, सकाळी ११:४०

माफ करा पण असे धागे वाचले की डोकं उठतं. सगळी जबाबदारी पोरांच्याच स्वभावावर! जागा शेकड्यात, अर्ज लाखांत, मग बाकीच्यांमध्ये "सॉफ्ट स्किल" कमी पडलं म्हणायचं का?

जरा तारखा आठवा. राज्यसेवा पूर्व होती ५ एप्रिल २०२०. कोरोनामुळे पुढे गेली, ठीक, ते कोणाच्याच हातात नव्हतं. मग पुन्हा पुढे. सप्टेंबरात मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, ११ ऑक्टोबरची तारीख पण गेली. मग १४ मार्च २०२१. परीक्षेला तीन दिवस राहिले असताना, ११ मार्चला, परत पुढे ढकलली आणि नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे २१ तारीख मिळाली. २०२४ ला २५ ऑगस्टची पूर्व, त्याच दिवशी आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा, पुन्हा आंदोलन, पुन्हा पुढे, शेवटी १ डिसेंबर. मेसचं बिल, खोलीभाडं, वय, सगळं चालू. यात पोरांनी काय एसीचं भांडण मिटवायला शिकायचं?

स्वभाव वगैरे नंतर. आधी वेळापत्रक पाळा.

खिडकीजवळची_खुर्ची | मंगळवार, दुपारी १:०५

उलटा, तुझ्या एकाही तारखेवर माझा वाद नाही. ११ मार्चला माझी अर्धी अभ्यासिका त्या रस्त्यावर होती आणि मी स्वतः पाण्याच्या बाटल्या पोचवल्या.

पण एक सांगतो. त्या आंदोलनातही दोन प्रकार दिसले. काही पोरं नुसती घोषणा देत होती, आणि काही पोरं पाचदहा जणांचं बोलणं एका कागदावर आणत होती, पत्रकाराशी कोण बोलेल, पोलिसांशी कोण बोलेल, मुली किती वाजता खोलीवर जातील आणि कोणासोबत. वेळापत्रक पाळा म्हणून भांडायला सुद्धा ही कौशल्यं लागतातच ना? स्वभाव सुधारून अन्याय सहन करा असं मी म्हणतच नाहीये.

उलटा_प्रवाह | मंगळवार, दुपारी १:२२

हे असं मांडलंत तर मान्य. पण मूळ पोस्टमध्ये हे नव्हतं, नोंद असावी.

लाल_माती | मंगळवार, रात्री ९:३०

कोल्हापूरकडनं रामराम. मदत मागण्याचा विषय निघाला म्हणून आमच्या खाशाबा जाधवांचं सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात पदक येतं पण त्याच्या आधीचं येत नाही.

गडी कराडजवळच्या गोळेश्वरचा. १९४८ ला लंडनला गेला, सहावा आला, आणि तोवर त्यानं मॅटवर कुस्ती खेळलेलीच नव्हती, सगळं मातीतलं. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. १९५२ ला हेलसिंकीच्या निवडीत डावलतायत असं वाटल्यावर गडी घरी बसून रडला नाही, थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, परत कुस्ती लावायला लावली आणि जिंकला. मग पैशाचा प्रश्न. गावात, कराडात वर्गणी मागत फिरला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. त्या काळातले सात हजार! आणि हेलसिंकीहून बाँटमवेटचं ब्राँझ घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता मला जे सांगायचंय ते पुढं हाय. परत आल्यावर सत्कार झाले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर या गड्यानं कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातनं सरांचं घर सोडवलं. मागायला लाजला नाही आणि फेडायला विसरला नाही. ताकद तर त्या काळात कोल्हापूरच्या प्रत्येक तालमीत ढिगानं पडली होती भावांनो. पण राजाच्या दारात जाऊन "माझ्यावर अन्याय झाला, मला परत कुस्ती द्या" म्हणायचं धाडस आणि प्राचार्याला घर गहाण टाकावंसं वाटावं असा विश्वास, ही दोन कामं दंडबैठका मारून होत नाहीत.

आणि उलटाभाऊंसाठी पण एक. हेलसिंकीत एक दमवणारी कुस्ती झाल्या झाल्या लगेच पुढची लढायला बोलावलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण भांडायला आपला एक पण अधिकारी जाग्यावर नव्हता. म्हणजे गडी कितीबी गुणी असला तरी पाठीशी व्यवस्था लागतीच. पद्मपुरस्कार तर शेवटपर्यंत दिला नाही, अर्जुन पुरस्कार दिला तो पण गेल्यावर.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री ९:४४

दंडवत घ्या लाल_माती. घर सोडवल्याचं मले माहीतच नव्हतं राजेहो.

अर्धवट_मानसी | बुधवार, दुपारी १२:१०

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते त्यामुळे थोडा पुस्तकी प्रतिसाद, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

काकांचं निरीक्षण संशोधनाशी बरंच जुळतं. चिकाटीवर, ज्याला तिकडे ग्रिट म्हणतात, अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये संशोधन मांडलं आणि ते तुफान गाजलं. शाळाकॉलेजात, कंपन्यांत, सगळीकडे ग्रिट ग्रिट सुरू झालं. नंतर २०१७ मध्ये क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तर असं दिसलं की ग्रिट म्हणजे फार नवीन काही नाही, व्यक्तिमत्त्वाच्या पाच मोठ्या गुणांपैकी जो कॉन्शिअन्शसनेस आहे, म्हणजे काम नेटानं, काटेकोर, वेळेवर करण्याची सवय, त्याच्याशी तो जवळजवळ एकच पडतो. आणि यशाशी त्याचा संबंध गाजावाजा झाला त्या मानाने बेताचा.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो काउआईचा अभ्यास. हवाईमधलं छोटं बेट. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ बाळांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती चाळिशीला येईपर्यंत ठेवला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरात दारू, मारहाण, आजारी आईवडील अशा परिस्थितीत वाढली होती. अपेक्षा अशी की सगळीच बिघडणार. पण अशा जास्त धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम, माणुसकी असलेली मोठी झाली. का? काही गुण त्यांचे स्वतःचे होते, लहानपणापासून लोकांना आपलंसं करणारी, स्वतःहून प्रश्न सोडवू पाहणारी मुलं. पण त्याचबरोबर जवळपास प्रत्येकाला कोणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. आईवडीलच पाहिजेत असं नव्हतं.

आणखी एक, हे ऐकून पालकांना बरं वाटतं. विशीत वाया गेली असं ज्यांच्याबद्दल वाटलं त्यातली अनेक मुलं तिशीत सावरली, चांगली नोकरी, चांगला जोडीदार, परत शिक्षण, अशी काही दारं उघडली तेव्हा.

म्हणजे टिकून राहण्याची ताकद माणसाच्या आत असते तेवढीच त्याच्या आजूबाजूला असते. खाशाबांना खर्डेकर सर मिळाले, तसं.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

ब्रेकमध्ये लिहितेय, तुटक वाटेल. मी नर्स आहे.

"शांत डोकं" हा गुण जन्मजात असतो असं लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे सिस्टर ड्यूटीवर होत्या. अतिरेकी आवारात शिरले, सुरक्षारक्षकांना मारलं. सिस्टरांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि सगळ्यांना टोकाच्या पँट्रीत नेऊन बसवलं, जखमी सहकारी होती तिला मदत पोचवली, आणि त्यातच एकीला कळा सुरू झाल्या तर तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमपर्यंत नेलं. बाळ सुखरूप झालं. नंतर कसाबला ओळखलं, आणि कोर्टात साक्षीला त्या युनिफॉर्म घालून गेल्या.

युनिफॉर्मची गोष्ट मला फार जवळची वाटते. घाबरलेलो सगळेच असतो. पण युनिफॉर्म अंगावर असला की पुढचं काम कोणतं ते हाताला माहीत असतं. आधी दरवाजा, मग पेशंट मोजायचे, मग त्यांना हलवायचं. ही शेकडो रात्रींची सवय असते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना पहिल्या क्रॅश कॉलला (पेशंट अचानक कोसळला की येणारी हाक) काही सुचत नाही, नंतर त्याच मुली दुसऱ्यांना सूचना देतात. तीच मुलगी, स्वभाव तोच, सराव झालेला असतो.

म्हणून अभ्यासिकावाल्या काकांना सांगते, तुमची पोरं जी गप्प बसतात त्यांना "तुझा स्वभावच असा" म्हणून सोडू नका. विचारायची पण प्रॅक्टिस करून घेता येते. रोज संध्याकाळी प्रत्येकाने न आलेला एक प्रश्न मोठ्याने वाचायचा, असं काहीतरी.

बेल वाजली, जाते.

खिडकीजवळची_खुर्ची | गुरुवार, सकाळी ६:३०

सिस्टर, ही आयडिया मी चोरली म्हणून समजा. आजपासून गच्चीवर साडेसहाच्या चहाला.

मांजराकाठची | गुरुवार, दुपारी ३:२०

मी लातूर भागातून लिहिते, मोबाइलवर टाइप करते तर चुका सांभाळून घ्या. माझा लेक पुण्यात आहे तयारीला. कोणत्या भागात ते नाही लिहीत, न जाणो त्याचे मित्र वाचत असतील. काका तुम्ही लिहिलं की घरी न सांगणारी पोरं झोपत नाहीत, ते वाचून काळजात चर्र झालं. तो फोनवर कायम "चालू आहे, मस्त आहे" म्हणतो. त्याचे बाबा विचारतात निकाल कधी, तर म्हणतो अजून वेळ आहे. मागच्या पूर्वचं काय झालं ते आम्हाला शेजारच्या पोराकडून कळलं. आम्ही रागावणार नाही हो, पण त्याला ते कसं सांगायचं? लेकरू दिवाळीला आलं तरी खोलीतच बसून होतं. त्याच्या बाबांना वाटतं मोकळं सोडावं, मला वाटतं बोलावं. काय बोलावं तेच समजत नाही.

एक्स_इच्छुक | गुरुवार, दुपारी ४:१०

ताई, मी बरीच वर्षं तुमच्या लेकाच्या जागी होतो म्हणून लिहितो. आता गावी आहे, तालुक्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो.

आम्ही घरी खोटं बोलतो ते तुमच्या रागाला घाबरून नाही. तुम्ही पैसे कुठून आणता ते माहीत असतं म्हणून. माझ्या वडलांनी म्हैस विकली होती आणि मला सांगितलं होतं की ती आटली. मी त्यांना सांगत होतो की पेपर चांगला गेला. दोन्ही बाजूंनी सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते आणि खरं कोणीच बोलत नव्हतं. मग आमच्याकडे ते कसं फुटलं सांगतो, वडील पुण्याला आले, माझ्यासोबत मेसमध्ये जेवले आणि वही काढून म्हणाले की पुढच्या मार्चपर्यंत मी इतके देऊ शकतो, त्यानंतर नाही, त्यात काय करायचं ते तू ठरव, मी विचारणार नाही. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी. रक्कम कमी होती पण आकडा होता, तारीख होती.

तर ताई, तुम्ही आधी तुमचं खरं सांगा. किती जमेल, कधीपर्यंत जमेल. मग तो त्याचं सांगेल, लगेच नाही पण सांगेल. आणि मागच्या पूर्वचं माहीत आहे हे सरळ सांगून टाका, नाहीतर ते त्याला दुसऱ्या कोणाकडून कळेल.

थांबण्याची तारीख आधी ठरवता येणं हे पण काकांच्या यादीत टाका. यूपीएससीला खुल्या गटात ३२ वय आणि ६ अटेम्प्ट, म्हणजे आयोगच तुम्हाला थांबवतो. आपल्या राज्यसेवेला खुल्या गटात ३८, मागासवर्गीयांना ४३. संधी म्हणून चांगलंच आहे, पण ज्याला स्वतःहून थांबता येत नाही त्याच्यासाठी फार लांब आहे ते. मी थांबलो तेव्हा लोक म्हणाले हरला. सध्या रोज माझ्याकडे उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती यासाठी लोक येतात, कुठला जीआर कुठे लागतो ते मला पाठ, तलाठी ऑफिसात कोणाशी कसं बोलायचं ते माहीत, सगळं त्याच अभ्यासातून आलंय. फायदा किती ते विचारू नका, पण घर चालतंय.

अर्धवट_मानसी | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

एक्स_इच्छुक यांच्या प्रतिसादाला +१०० .

ताई, त्यात एक भर. तो खोलीत बसून राहतो, खाणं-झोप बिघडली आहे, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशा तऱ्हेचं बोलतो असं काही जाणवलं तर वाट बघू नका. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तो नाही बोलला तर आधी तुम्ही बोला, पालकांनीही फोन केलेला चालतो. २०२१ मध्ये मुलाखतीची वाट बघत थांबलेल्या एका पुण्याच्या मुलाने जीव दिला होता, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. अशा वेळी गुण, कौशल्यं यांची चर्चा बाजूला ठेवायची आणि सरळ मदत घ्यायची.

ध्रुवीय_अस्वल | शुक्रवार, पहाटे ४:०२ (तुमची)

टोरांटोहून. उशिरा आलो, पण वाट बघण्याचा विषय निघाला तर अंटार्क्टिका मोहिमेचा प्रमुख शॅकलटन आठवलाच पाहिजे. एंड्युरन्स जहाज जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकलं, नोव्हेंबरात बुडालं, २८ माणसं. शेवटी एलिफंट बेटावर पोचले आणि तिथून शॅकलटन पाच जणांना घेऊन एका छोट्या बोटीतून जवळजवळ १३०० किलोमीटरवरच्या साउथ जॉर्जियाला मदत आणायला गेला. ती सफर सगळ्यांना माहीत असते. मला मागे राहिलेल्या २२ जणांची गोष्ट जास्त आवडते. उलटलेल्या बोटींखाली राहायचं, पेंग्विन-सील खायचे, आणि सुटका कधी, होणार की नाही, काहीच माहीत नाही. फ्रँक वाइल्ड प्रमुख होता, तो रोज सकाळी सगळ्यांना सामान बांधायला लावायचा, बॉस कदाचित आज येईल. साडेचार महिने! ३० ऑगस्ट १९१६ ला चिलीचं जहाज आलं आणि सगळे २२ जिवंत.

शॅकलटनची अजून एक पद्धत, कुरकुरे आणि भांडखोर लोक तो मुद्दाम स्वतःच्या तंबूत झोपायला घ्यायचा म्हणजे बाकीच्यांचं डोकं खाणार नाहीत. जहाज बुडताना वजन कमी करा म्हणून सगळ्यांना सामान टाकायला लावलं, पण मोहिमेतल्या हसीचा बँजो ठेवायला लावला.

उलटा_प्रवाह | शुक्रवार, सकाळी ९:१८

अस्वलभाऊ, त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूला होती, पलीकडून शॅकलटनच्या वाटेवर अन्नाचे साठे लावायला, तिथे तीन माणसं मेली. ते पण सांगा. शॅकलटनच्या नेतृत्वाच्या भाषणांत ती कुठे नसतात.

बाकी बँजो आवडला.

ध्रुवीय_अस्वल | शुक्रवार, सकाळी ९:४०

बरोबर आहे, आणि विशेष म्हणजे त्यांनी साठे लावलेच, ज्याच्यासाठी लावले तो येणारच नव्हता हे माहीत नसताना. त्यावर वेगळा धागा काढतो.

मांजराकाठची | रविवार, रात्री ८:५०

सगळ्यांना नमस्कार. काल आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. जाताना त्याला कळवलं नव्हतं, स्वारगेटला उतरून फोन केला. आधी जरा चिडला. त्याच्या बाबांनी पैशाचं सगळं सांगितलं, एक्स_इच्छुक भाऊंनी सांगितलं तसं, आकडा आणि तारीख. मागच्या पूर्वचं माहीत आहे ते पण सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला सीसॅटमध्येच गेलो, जीएस (सामान्य अध्ययन) चांगला होता. कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे. आता म्हणतो अजून एक पूर्व देतो आणि सोबत सरळसेवेचे फॉर्म भरतो. झोप लागत नाही का विचारलं तर हो म्हणाला, तो टेलीमानसचा नंबर देऊन आलेय, करतो म्हणाला, बघू.

एक विचारायचं होतं. मुख्य परीक्षा आता लेखी झाली आहे म्हणे, मोठी उत्तरं लिहायची. त्याचं अक्षर फार वाईट आहे हो, आणि टायपिंगची सवय. त्याला काही करता येईल का?

फाइलवाली | रविवार, रात्री ९:३५

ताई, फार बरं वाटलं वाचून. हो, २०२५ पासून मुख्य वर्णनात्मक आहे, नऊ पेपर, १७५० मार्कांचे, वर मुलाखत २७५ ची. अक्षर सुंदर नको, वाचता आलं पाहिजे. रोज एकच उत्तर, घड्याळ लावून, आखलेल्या कागदावर, साध्या बॉलपेनने. आणि लिहिलेलं दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यायचं, ते सगळ्यात महत्त्वाचं, आपलं अक्षर आपल्याला कायम वाचता येतं. पण त्याला सांगा आधी सीसॅट.

खिडकीजवळची_खुर्ची | रविवार, रात्री १०:१०

ताई, सीसॅटसाठी मला व्यनि (खाजगी निरोप) करा. तो कुठल्या भागात राहतो ते विचारत नाही. आमच्या गच्चीवर साडेसहाला सात-आठ जण बसतात आता, त्यात ती कलासंस्कृतीला घाबरणारी इंजिनीअर मंडळी पण आहेत, गणित तेच शिकवतात. फी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०:१४

अन एसी?

खिडकीजवळची_खुर्ची | रविवार, रात्री १०:२०

२६. मीटर माझ्या नावावर आहे.